वर्गमुळातून क्ष बाहेर काढण्याआधी

शाळेत बीजगणिताच्या पुस्तकात ‘सरळरूप द्या’ असं दिसलं की पुढे काय करायचं ते हाताला ठाऊक असतं. कंस सोडवायचे, सजातीय पदं एकत्र करायची, अंश आणि छेदातला सामाईक अवयव काटायचा. हेच काम संगणकाकडून करून घेणाऱ्या प्रणालीला कॉम्प्युटर अल्जिब्रा सिस्टिम म्हणतात. साधा कॅल्क्युलेटर आकडे मागतो. ही प्रणाली अक्षरांसकट राशी हाताळते, अवयव पाडते, विस्तार करते, इंटिग्रेशन करते. ती वापरणं सोपं आहे. ती लिहायला बसलं, की शाळेत कधीच सोडवून झालेली गणितं नव्यानं अवघड वाटू लागतात.

√(क्ष²) घ्या. तोंडातून पटकन ‘क्ष’ असं उत्तर येतं. पण क्षची किंमत −३ असेल तर वर्ग ९ आणि त्याचं वर्गमूळ ३, म्हणजे उत्तर क्ष नसून −क्ष. मग क्षचं केवलमूल्य हे उत्तर द्यावं का? वास्तव संख्यांपुरतं ते बरोबर आहे. पण क्ष ही संमिश्र संख्या असू शकत असेल, समजा क्ष = √(−१), तर क्ष² = −१ आणि त्याचं वर्गमूळ पुन्हा √(−१); केवलमूल्य मात्र १. तेही उत्तर चुकलं. क्षबद्दल काहीच माहिती नसताना √(क्ष²) चं सरळरूप √(क्ष²) हेच आहे. त्याला हात न लावणं हेच तिथे बरोबर उत्तर.

पायथन भाषेतली सिमपाय ही लायब्ररी नेमकं हेच करते. ओंद्रेय चेर्तिक या चेक तरुणानं सुरू केलेली ही मुक्त लायब्ररी २००७ पासून लोकांच्या वापरात आहे आणि आज जगभरातले विद्यार्थी, अभियंते, पदार्थवैज्ञानिक ती वापरतात. तिच्यात नुसतं क्ष हे चल घोषित केलं तर ते संमिश्र मानलं जातं आणि √(क्ष²) जसंच्या तसं राहतं. घोषणा करतानाच ‘क्ष वास्तव आहे’ असं सांगितलं तर केवलमूल्य मिळतं. ‘धन आहे’ म्हटलं तर क्ष मिळतो, ‘ऋण आहे’ म्हटलं तर −क्ष. राशी एकच, उत्तरं चार, आणि चारही बरोबर. सरळरूप राशीत दडलेलं नसतं. आपण चलाबद्दल काय गृहीत धरतो त्यावर ते ठरतं. हे गृहीतक कुठे ठेवायचं, कोणाला विचारायचं आणि ते नसेल तेव्हा कसं वागायचं, हाच अशा लायब्ररीच्या रचनेतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे, असं माझं ठाम मत आहे. वेगवान अल्गोरिदम नंतरही बसवता येतात. हा निर्णय चुकला तर तो प्रत्येक ओळीत झिरपतो.

अर्थात गृहीतकं बाजूला ठेवली तरी ‘सरळ’ म्हणजे काय हा प्रश्न उरतोच. (क्ष² − १) ला (क्ष − १) नं भागलं की क्ष + १ येतं. ते सरळ यात वाद नाही. आता घातांक २ ऐवजी १०० करा. (क्ष¹⁰⁰ − १) ला (क्ष − १) नं भागल्यावर शंभर पदांची बेरीज मिळते. भागाकार ‘झाला’, पण आधीचं रूप एका ओळीत मावत होतं. कोणतं सरळ? अवयव पाडलेलं रूप मुळं शोधायला सोयीचं, विस्तारलेलं रूप सहगुणक वाचायला सोयीचं. सोय कोणाची आणि कशासाठी, हे राशी स्वतः सांगत नाही.

हा वाद फार जुना आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६८ मध्ये मॅक्सिमा या आजच्या मुक्त प्रणालीची पूर्वज असलेली ‘मॅकसिमा’ प्रणाली सुरू झाली. तिच्या निर्मात्यांपैकी जोएल मोझेस यांनी १९७१ मध्ये सरळरूपावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी तेव्हाच्या प्रणालींची विभागणी चक्क राजकीय पक्षांसारखी केली. प्रत्येक राशी एकाच ठरावीक साच्यात ओतणाऱ्या प्रणाली त्यांच्या लेखी जहाल. वापरणाऱ्यानं सांगितल्याशिवाय एकही पद न हलवणाऱ्या त्या सनातनी. अधल्यामधल्या काही उदारमतवादी. आणि ज्या कामाला जे रूप लागेल ते स्वीकारणाऱ्या प्रणालींचा एक सर्वसमावेशक गट. जहालांचा फायदा उघड आहे: साचा एकच असेल तर दोन राशी समान आहेत का हे नुसतं पाहून कळतं. तोटाही उघड आहे: (क्ष + १)¹⁰⁰ असं सुटसुटीत काही लिहिलं की समोर एकशे एक पदं येऊन पडतात.

सिमपायची वृत्ती या सर्वसमावेशक गटाच्या जवळची. अवयव पाडायला वेगळी आज्ञा, विस्ताराला वेगळी, सामाईक अवयव काटायला वेगळी, त्रिकोणमितीला वेगळी. या सगळ्यांवर ‘सिम्प्लिफाय’ ही एक सर्वसाधारण आज्ञा आहे. ती निरनिराळ्या युक्त्या करून पाहते आणि आलेल्या रूपांपैकी ज्यात क्रिया कमी, म्हणजे बेरजा, गुणाकार, घात मिळून संख्या लहान, ते निवडते. एवढं करूनही नवं रूप मूळ राशीच्या १.७ पटीपेक्षा लांब झालं तर ती मूळ राशीच परत देते. ही मर्यादा बदलता येते, आणि मोजायची पद्धतही स्वतःची देता येते. मला हे १.७ आवडतं. सौंदर्याचा जो निर्णय माणूस नजरेनं करतो तो इथे कोणीतरी एका आकड्यात बांधला आहे आणि लपवून न ठेवता वापरणाऱ्याच्या हाती दिला आहे. तरीही स्वतःच्या प्रोग्रॅमच्या पोटात ही सर्वसाधारण आज्ञा वापरू नये. ती उद्याच्या आवृत्तीत वेगळं रूप निवडू शकते. आपल्याला नेमकं काय हवं आहे हे माहीत असेल तर त्याची नेमकी आज्ञा द्यावी.

याहून खोल अडचण वेगळीच आहे. सरळरूपाचा सगळा डोलारा एका प्रश्नावर उभा आहे: ही राशी शून्य आहे का? दोन राशी समान आहेत का हाही तोच प्रश्न, कारण वजाबाकी करून शून्य येतं का तेच पाहायचं असतं. बहुपदींसाठी याचं उत्तर नेहमी काढता येतं. पण १९६८ मध्ये डॅनियल रिचर्डसन यांनी सिद्ध केलं की परिमेय संख्या, पाय, २ चा लॉग, एक चल, साइन, घातांकी फल आणि केवलमूल्य एवढंच साहित्य घेऊन बनणाऱ्या राशींसाठी ‘ही सर्वत्र शून्य आहे का’ हे प्रत्येक वेळी ठरवणारी कोणतीही पद्धत असूच शकत नाही. पुढेमागे कोणी हुशार माणूस शोधून काढेल, असाही हा प्रकार नाही. ती पद्धत अस्तित्वातच नाही.

मग आकडे घालून पाहिलं तर? त्यानं अर्धं काम होतं. किंमत शून्यापासून स्पष्ट दूर आली तर राशी शून्य नाही हे नक्की. शून्याच्या जवळ आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. १६३ चं वर्गमूळ घ्या, त्याला पायनं गुणा, आणि e ही संख्या त्या घातापर्यंत चढवा. येणारी संख्या २६२५३७४१२६४०७६८७४४ या पूर्णांकाच्या इतकी जवळ आहे की दशांश चिन्हानंतर सलग बारा नऊ येतात आणि मगच फरक दिसतो. रामानुजन यांचं नाव तिला चिकटलेलं आहे. नेहमीच्या पंधरा-सोळा अंकी अचूकतेच्या संगणकाला ही वजाबाकी शून्य आहे की नाही हे सांगताच येणार नाही, आणि ती शून्य नाही. उलट बाजूनं (√२ + √३)² − ५ − २√६ ही राशी शब्दशः शून्य आहे, पण नुसत्या नजरेला तसं दिसत नाही. मॅट्रिक्स सोडवताना अशी राशी छेदात गेली तर प्रोग्रॅम निर्धास्तपणे शून्यानं भागतो आणि पुढची सगळी उत्तरं सुबक दिसणारी पण खोटी असतात. नुसत्या वर्गमुळांच्या अशा राशींसाठी छडा लावणारी खात्रीची पद्धत आहे, पण ती दर पावलाला चालवायची तर गाडी पुढे सरकणार नाही.

म्हणून सिमपायमध्ये ‘समान आहे का’ हे साधं चिन्ह फक्त लिहिण्याची रचना ताडून पाहतं. (क्ष + १)² आणि क्ष² + २क्ष + १ या दोन राशी समान आहेत का असं त्या चिन्हानं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. नवख्याला हा दोष वाटतो. पण हे चिन्ह प्रोग्रॅममध्ये क्षणाक्षणाला लागतं; तिथे झटपट आणि हमखास येणारं उत्तर हवं. गणिती समानता तपासायला वेगळी आज्ञा आहे, आणि तिला कधीकधी ‘सांगता येत नाही’ असं म्हणायची मुभा आहे.

ही मुभाच मला सगळ्या रचनेचा कणा वाटते. सिमपायमध्ये एखादी राशी धन आहे का असं विचारलं तर तीन उत्तरं संभवतात: हो, नाही आणि माहीत नाही. क्ष वास्तव असेल तर क्ष² + १ धन आहे, हो. दोन धन चलांची बेरीज धन आहे, हो. एक धन आणि एक ऋण यांची बेरीज? माहीत नाही. आत नियमांची एक साखळी आहे: मूळ संख्या म्हणजे पूर्णांक आणि धन, पूर्णांक म्हणजे परिमेय, परिमेय म्हणजे वास्तव, वास्तव म्हणजे संमिश्र. एक गोष्ट सांगितली की बाकीच्या तिच्यातून निघतात, आणि एकमेकींना छेद देणाऱ्या दोन गोष्टी सांगितल्या तर घोषणेच्या वेळीच चूक दाखवली जाते.

तीन उत्तरांच्या या व्यवस्थेत एक सापळा आहे, आणि तो लायब्ररीत भर घालणाऱ्या प्रत्येकानं ओळखायला हवा. समजा कोणी केवलमूल्याची आज्ञा अशी लिहिली: राशी धन असेल तर तीच परत दे, नाहीतर तिच्यापुढे वजाचं चिन्ह लाव. वाचायला ठीक वाटतं. पण पायथनमध्ये ‘नाहीतर’च्या फांदीत ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ ही दोन्ही उत्तरं जाऊन पडतात. ज्या क्षबद्दल काहीच सांगितलेलं नाही त्याचं केवलमूल्य मग −क्ष ठरतं. पुढे कोणी क्षच्या जागी ३ घालतं आणि ३ चं केवलमूल्य −३ मिळतं. कुठेही प्रोग्रॅम थांबत नाही, लाल अक्षरं येत नाहीत. बरोबर लिहायचं तर तीन फांद्या हव्यात: धन असल्याचं नक्की, वास्तव असून धन नसल्याचं नक्की, आणि तिसऱ्या फांदीत राशी न सोडवता तशीच ठेवायची. अज्ञानाला नकार समजणं ही या क्षेत्रातली सगळ्यात महागडी चूक आहे.

दोन वर्गमुळांचा गुणाकारही असाच. √क्ष आणि √य एका वर्गमुळाखाली आणणं शाळेत सर्रास चालतं. दोन्ही ठिकाणी −१ घाला: एकत्र केलं तर √१, म्हणजे १, वेगवेगळं ठेवलं तर √(−१) चा वर्ग, म्हणजे −१. दोहोंपैकी निदान एक संख्या ऋणेतर आहे हे ठाऊक असेल तरच नियम निर्धास्त वापरता येतो. क्ष² चा लॉग म्हणजे क्षच्या लॉगची दुप्पट, हाही नियम क्ष धन असेपर्यंतचा. सिमपाय ही पावलं माहितीविना टाकत नाही, पण वापरणारा ‘जबरदस्तीनं कर’ असं स्पष्ट सांगू शकतो. ही सोय मला रास्त वाटते, कारण जबाबदारी कोणाची ते त्या एका शब्दावरून लेखी राहतं.

काही पावलं मात्र न विचारता टाकली जातात. क्ष + क्ष लिहिलं की लगेच २क्ष होतं, क्ष ÷ क्ष चं १ होतं, ० × क्ष चं ० होतं. हे राशी तयार होताच घडतं, त्याला नंतर मागे फिरवता येत नाही. आणि इथेही गुपचूप गृहीतक घुसलेलं आहे: क्ष ÷ क्ष चं १ करताना क्ष शून्य नाही असं मानलं, ० × क्ष चं शून्य करताना क्ष अनंत नाही असं मानलं. शून्य गुणिले अनंत असं सरळ लिहिलं तर सिमपाय उत्तर निश्चित करत नाही. आधी क्ष ठेवून मग क्षच्या जागी अनंत घातलं तर शून्य मिळतं. अनंत या एका वस्तूनं तिथे बराच घोळ घातला होता. ‘वास्तव’ आणि ‘धन’ या गुणांत आधी अनंतही मोडायचं. २०१९ च्या अखेरीस आलेल्या १.५ या आवृत्तीत ते वेगळं काढून ‘विस्तारित वास्तव’, ‘विस्तारित धन’ असे नवे गुण केले गेले. आपोआप होणारं सरळीकरण जितकं कमी तितकं बरं, या मताचा मी आहे. स्वस्त असेल, जवळजवळ सर्वत्र खरं असेल, आणि मागे फिरावंसं कोणालाही वाटणार नसेल, एवढंच आपोआप व्हावं.

आता गृहीतक ठेवायचं कुठे? सिमपायनं ते चलाच्या अंगावरच गोंदवलं आहे. त्यामुळे साधा क्ष आणि ‘धन’ म्हणून घोषित केलेला क्ष ही दोन वेगळी चलं ठरतात. एका फाइलमध्ये धन क्ष घोषित करावा, दुसऱ्या फाइलमधल्या आज्ञेनं स्वतःचा साधा क्ष बनवावा, आणि दोघांची वजाबाकी केली की पडद्यावर चक्क ‘क्ष − क्ष’ छापलेलं दिसतं, शून्य होत नाही. पहिल्यांदा हे पाहणारा माणूस अर्धा दिवस चूक शोधत बसतो. मॅक्सिमात गृहीतकांची एक सामाईक नोंदवही असते. ‘अ शून्यापेक्षा मोठा आहे’ असं तिच्यात नोंदवायचं आणि काम झालं की विसरायला सांगायचं. विसरायला सांगायचं राहिलं तर तासाभरानं केलेल्या असंबद्ध गणितात ते डोकावतं. मॅपल या प्रणालीत गृहीतक जोडलेल्या चलाशेजारी एक छोटी नागमोडी खूण उमटते, ही मला फार शहाणी सोय वाटते. मॅथेमॅटिका या आणखी एका प्रणालीत गृहीतक बहुधा प्रश्नासोबत दिलं जातं: या राशीचं सरळरूप दे, क्ष धन आहे असं धरून. सिमपायमध्येही याच धर्तीची दुसरी व्यवस्था नंतर उभी राहिली. ती विधानं तर्कशास्त्राच्या यंत्राला देऊन निष्कर्ष काढते. पण मूळ व्यवस्था लायब्ररीच्या कानाकोपऱ्यात इतकी रुजलेली होती की ती उपटता आली नाही, आणि दोन्ही शेजारी शेजारी नांदत आहेत.

माहिती अपुरी असताना काय करायचं, यात या प्रणालींचा स्वभाव सगळ्यात स्पष्ट दिसतो तो क्ष च्या न व्या घाताच्या इंटिग्रेशनमध्ये. मॅथेमॅटिका सरळ नेहमीचं सूत्र देते: घात एकनं वाढवा, त्यानंच भागा. न = −१ असेल तर छेद शून्य होतो, पण ती त्याचा उल्लेख करत नाही. मॅक्सिमा थांबते आणि वापरणाऱ्यालाच विचारते, न हा −१ आहे का? सिमपाय दोन्ही शक्यता उत्तरात सोबत देते: न −१ नसेल तर हे, असेल तर लॉग. पहिली पद्धत वाचायला सुंदर. दुसरी माणूस समोर बसलेला असताना उत्तम, पण रात्रभर एकट्यानं चालणाऱ्या प्रोग्रॅमला निरुपयोगी. तिसरीत उत्तरं लांबतात, अटींवर अटी चढतात. तरी माझा कौल तिलाच.

इंजिनीअरिंगला फूरिए मालिका शिकलेल्यांना याची किंमत आठवत असेल. ० ते पाय या पल्ल्यात साइन क्ष ची कोसाइन मालिका काढा, हा ठरलेला प्रश्न. साइन क्ष गुणिले कोस नक्ष यांचं त्या पल्ल्यातलं इंटिग्रेशन म्हणजे १ + (−१)ⁿ भागिले १ − न². न पूर्णांक आहे हे सांगितल्याशिवाय कोस नपाय चं (−१)ⁿ करताच येत नाही; तेवढं सांगितलं की सिमपाय ते लगेच करते. आणि सूत्रात न = १ घातला की वर शून्य, खाली शून्य. पहिला सहगुणक वेगळा काढावा लागतो, तो शून्य येतो, आणि परीक्षेत मार्क जातात ते याच जागी. अटींसह उत्तर देणारी प्रणाली ही जागा आधीच उघडी करून दाखवते.

चलाच्या अंगावर गोंदवलेल्या गृहीतकांत एक गोष्ट मात्र बसत नाही: दोन चलांमधलं नातं. क्ष धन आहे हे क्षला सांगता येतं. क्ष हा यपेक्षा मोठा आहे हे कोणाला सांगणार? ते एकट्या क्षचं नाही आणि एकट्या यचंही नाही. त्यामुळे √((क्ष − य)²) अशी राशी दोन्ही चलं वास्तव म्हणून घोषित केली तरी फारतर केवलमूल्यापर्यंत पोहोचते. तिथे एक जुनी युक्ती उपयोगी पडते. ‘द’ नावाचं एक धन चल घ्यायचं आणि सगळीकडे क्षच्या जागी य + द लिहायचं. य आपसूक जातो, वर्गमुळाखाली द² उरतो, आणि सिमपाय न विचारता द बाहेर काढते. हवं असेल तर शेवटी दच्या जागी पुन्हा क्ष − य ठेवता येतं.